कायदा मिळाला, जमीन राहिली! थॅडियस स्टीव्हन्स यांच्या अधुऱ्या लढ्याचा धडा

अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला की आमच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते अब्राहम लिंकन यांचे. भाषणात लिंकन, निबंधात लिंकन, भिंतीवरच्या तसबिरीतही लिंकन! पण महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो कोणा एका राष्ट्राध्यक्षाला नव्हे. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी औदार्य आणि निरपेक्षता दाखविली, त्या लोकांना. मग हे लोक कोण होते? त्यांची नावे काय? त्यांनी नेमके काय केले? आम्ही स्वतःला फुले-आंबेडकरांचे अनुयायी म्हणवतो, तर हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला नको काय?

त्या लोकांतले एक ठळक नाव म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. पेशाने वकील, पेनसिल्व्हेनिया राज्यातून निवडून गेलेले खासदार, गुलामांच्या मालकांचे हाडवैरी. त्यांचे चरित्र आमच्या चळवळीने वाचले पाहिजे असे आम्हाला वाटते. ते केवळ थोर होते म्हणून नव्हे. त्यांना जे जमले त्यातून जेवढे शिकण्यासारखे आहे, त्याहून अधिक त्यांना जे जमू दिले गेले नाही त्यातून शिकण्यासारखे आहे, म्हणून.

स्टीव्हन्स यांचा जन्म 4 एप्रिल 1792 रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. घर दरिद्री. वडील जोडे शिवीत आणि थोडीफार शेती करीत. पुढे ते बायको आणि चार मुलांना टाकून निघून गेले ते कायमचेच. थॅडियस यांचा एक पाय जन्मतः वाकडा होता. त्या काळी असे मूल म्हणजे ईश्वरी कोप, असे मानणारे लोक तिकडेही होते. गावातली पोरे त्यांच्या चालण्याची नक्कल करीत. पण आई खमकी होती. शेतात राबून हे पोर काही पोट भरू शकणार नाही, याला शिकवलेच पाहिजे, हे तिने ओळखले आणि शाळेसाठी तिने बिऱ्हाड पीचॅम या गावी हलवले. 1814 साली स्टीव्हन्स डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाले, पेनसिल्व्हेनियात मास्तरकी करता करता कायदा शिकले आणि 1816 पासून गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. आमच्याकडे थोरांची चरित्रे लिहिताना डाग पुसून टाकण्याची खोड आहे. ती आम्ही करणार नाही. 1821 साली चॅरिटी बटलर नावाच्या एका गुलाम स्त्रीचा खटला पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात आला. त्या राज्याच्या कायद्यानुसार, मालकाने गुलामाला सहा महिने राज्यात ठेवले तर तो गुलाम स्वतंत्र होत असे. चॅरिटीचे म्हणणे होते की तिच्या वेगवेगळ्या मुक्कामांचे दिवस एकत्र मोजले तर सहा महिने भरतात. मालकाच्या वकिलाने युक्तिवाद केला की सहा महिने सलग हवेत. न्यायालयाने तो मानला. चॅरिटी आणि तिची मुले पुन्हा दास्यात गेली. मालकाचा तो हुशार वकील कोण होता? थॅडियस स्टीव्हन्स!

हा खटला जिंकून त्यांना फी मिळाली असेल, नावही झाले असेल. पण त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पाहिले की त्या विजयाने त्यांच्या मनात काय केले असेल याची कल्पना करता येते. पुढे त्यांनी पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रे घेतली, आणि तीही अनेकदा फी न घेता. ज्या कायद्याच्या कसरतीने एका आईला बेडी घातली होती, तीच कसरत ते आता बेड्या तोडण्यासाठी करू लागले. माणूस चुकतो. चूक कळल्यावर तो कोणत्या बाजूला जाऊन उभा राहतो, यावर त्याचे मोल ठरते.

1833 साली स्टीव्हन्स राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. 1834 साली पेनसिल्व्हेनियात सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला होता. त्याआधीची व्यवस्था अशी, की बापाने आपण कंगाल आहोत असे जाहीर करावे, मग त्याच्या मुलाची फी सरकार भरणार. म्हणजे शिक्षण मिळेल, पण कपाळावर 'कंगाल' असा शिक्का मारून! नव्या कायद्याने कर वाढणार म्हणून पैसेवाले आणि जमीनवाले खवळले. रद्द करण्याच्या मागणीचे अर्ज ढिगाने आले. वरिष्ठ सभागृहाने रद्द करण्याच्या बाजूने मतही दिले. स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या मतदारांचीही तीच इच्छा होती. 11 एप्रिल 1835 रोजी ते सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी बजावले की जुना कायदा म्हणजे गरिबाच्या लेकराला जन्मभर हिणवण्याची सोय आहे. त्या भाषणाने सभागृह फिरले आणि शाळांचा कायदा वाचला. मतदारांच्या इच्छेविरुद्ध मतदारांच्याच मुलांसाठी लढणारा लोकप्रतिनिधी! असे किती आमदार आम्हाला माहीत आहेत?

1837-38 साली त्या राज्याची नवी घटना तयार झाली. मतदानाचा हक्क फक्त 'गोऱ्या' पुरुषांना, असा शब्द तीत घुसडण्यात आला. त्यापूर्वी काही जिल्ह्यांत कृष्णवर्णीय मतदान करीत होते, तो हक्क काढून घेण्यात आला. स्टीव्हन्स घटना समितीचे सदस्य होते. त्यांनी त्या घटनेवर सही करण्याचे नाकारले.

1842 साली कर्जबाजारी अवस्थेत ते लँकेस्टर शहरात आले. तिथे लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवर्णीय विधवा त्यांचे घर पाहू लागली आणि ते अखेरपर्यंत पाहत राहिली. स्टीव्हन्स अविवाहित होते. विरोधकांनी या दोघांवर जन्मभर चिखलफेक केली. स्टीव्हन्स यांनी खुलासे करण्यात वेळ घालवला नाही. आपल्या पुतणे-पुतण्यांनी तिला 'मिसेस स्मिथ' असेच म्हटले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. ज्या देशात कृष्णवर्णीय स्त्रीला कोणीही नुसत्या नावाने हाक मारी, तिथे या एका संबोधनात केवढा विद्रोह होता, हे 'अरे-तुरे' सोसलेल्या आमच्या आईबापांना वेगळे सांगायला नको.

लँकेस्टरजवळच्या ख्रिस्तियाना गावी सप्टेंबर 1851 मध्ये पळालेल्या गुलामांना पकडायला मालक आला. विल्यम पार्कर या पूर्वी गुलाम असलेल्या माणसाच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी शस्त्र हाती घेऊन प्रतिकार केला आणि त्यात तो मालक मारला गेला. सरकारने सुमारे 40 जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या माणसावर चालला. त्याच्या बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्यूरीने थोड्याच वेळात त्याला निर्दोष ठरवले आणि बाकीचे देशद्रोहाचे खटलेही ढासळले.

1848 साली ते प्रथम अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. 1853 ते 1859 या काळात ते बाहेर होते. नंतर नव्या रिपब्लिकन पक्षातर्फे परतले. 1861 साली यादवी युद्ध पेटले तेव्हा ते कनिष्ठ सभागृहाच्या वेज अँड मीन्स समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे युद्धाच्या तिजोरीची किल्लीच त्यांच्या हाती होती. लिंकन सावधपणे पावले टाकत असताना हा सत्तरीकडे झुकलेला लंगडा म्हातारा रोज उठून सांगत होता की गुलामांना मुक्त करा, त्यांना सैन्यात घ्या आणि गोऱ्या शिपायाइतकाच पगार द्या. 1863 साली दक्षिणेच्या सैन्याने पेनसिल्व्हेनियात घुसून त्यांची कॅलेडोनिया येथील लोखंडाची भट्टी जाळली. म्हातारा डगमगला नाही. 31 जानेवारी 1865 रोजी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात 119 विरुद्ध 56 मतांनी मंजूर झाली आणि डिसेंबर 1865 मध्ये ती देशाच्या घटनेचा भाग झाली.

इथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. सिनेमेही इथेच संपतात. 2012 सालच्या 'लिंकन' या चित्रपटात टॉमी ली जोन्स या नटाने स्टीव्हन्स रंगवले; तो चित्रपटही मुख्यतः या दुरुस्तीपुरताच आहे. पण खरा लढा यानंतर सुरू झाला.

लिंकन यांची एप्रिल 1865 मध्ये हत्या झाली आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी बंडखोर जमीनदारांना सढळ हाताने माफी दिली. दक्षिणेच्या राज्यांत जुनेच मालक पुन्हा सत्तेवर बसले आणि त्यांनी 'काळे कायदे' केले. मिसिसिपी राज्याने काय केले? मुक्त झालेल्या माणसाला शहराबाहेर जमीन भाड्यानेही घेता येणार नाही, असा कायदा केला. दरवर्षी जानेवारीत त्याने मालकाशी मजुरीचा करार झाल्याचा कागद दाखवला पाहिजे. कागद नसेल तर तो भटक्या ठरणार, त्याला दंड होणार आणि दंड भरता आला नाही तर तो कोणाकडे तरी कामाला जुंपला जाणार. साखळी काढली आणि वेठबिगारी घातली! दास्याचे नाव गेले, दास्य राहिले.

स्टीव्हन्स यांनी या डावाचे मूळ ओळखले. ते मूळ होते जमिनीत. 6 सप्टेंबर 1865 रोजी लँकेस्टर येथे त्यांनी आपली योजना मांडली. त्यांनी हिशेबच पुढे ठेवला. बंडखोर राज्यांत एकूण सुमारे 46 कोटी 50 लाख एकर जमीन आहे. त्यातील 39 कोटी 40 लाख एकर जमीन, प्रत्येकी 200 एकरांहून अधिक मालकी असलेल्या सुमारे 70,000 लोकांच्या हाती आहे. ही जमीन सरकारजमा करा. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला 40 एकर द्या. त्याला फक्त 4 कोटी एकर लागतील. उरलेली विकून युद्धाचे कर्ज फेडा. लहान शेतकऱ्याच्या केसालाही धक्का लावू नका. बड्यांची सत्ता मोडल्याशिवाय दक्षिणेत लोकशाही नांदणार नाही, हे त्यांचे सूत्र होते.

ही काही हवेतली कल्पना नव्हती. जानेवारी 1865 मध्ये सेनापती शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन मुक्त गुलामांना वाटण्याचा आदेश काढला होता आणि सुमारे 40,000 माणसे तिथे नांगर धरून उभीही राहिली होती. जॉन्सन यांनी ती जमीन काढून जुन्या मालकांना परत दिली. मार्च 1867 मध्ये स्टीव्हन्स यांनी जमीनवाटपाचे विधेयक आणले. ते पडले. पाडले कोणी? केवळ दक्षिणेच्या जमीनदारांनी नव्हे. गुलामगिरीविरुद्ध गळा काढणारे उत्तरेचे त्यांचेच स्वपक्षीय मागे सरले. आज मळेवाल्याची जमीन घेतली तर उद्या गिरणीवाल्याच्या मालमत्तेवर हात पडेल, ही भीती. शिवाय उत्तरेच्या गिरण्यांना कापूस हवा होता. माणूस स्वतःच्या 40 एकरांत आधी मका पेरील, कापूस नव्हे! माणूस मुक्त करायला ते तयार होते. त्याला मालक करायला तयार नव्हते.

जमीन मिळाली नाही, तरी कायद्याच्या आघाडीवर या पक्षाने इतिहास घडवला. 9 एप्रिल 1866 रोजी जॉन्सन यांचा नकाराधिकार झुगारून नागरी हक्कांचा कायदा झाला. मग आली चौदावी घटनादुरुस्ती. तिच्या पहिल्या कलमाची शब्दरचना ओहायोचे जॉन बिंगहॅम यांची. पण ती सभागृहातून पार नेणाऱ्यांत स्टीव्हन्स अग्रभागी होते. एक पेच मोठा गमतीदार होता. पूर्वी खासदारांची संख्या ठरवताना गुलामाची गणती तीन-पंचमांश माणूस अशी होई. गुलामगिरी गेल्यावर तो पूर्ण माणूस मोजला जाणार, म्हणजे दक्षिणेच्या जागा वाढणार. पण त्याला मत मात्र नाही! माथी काळ्यांची मोजायची आणि खासदार मालकांचे निवडायचे! म्हणून दुरुस्तीत अट घातली की प्रौढ पुरुषांचे मत नाकाराल तर तेवढ्या प्रमाणात जागा कमी होतील. पण मताचा थेट हक्क काही लिहिला गेला नाही. 13 जून 1866 रोजी अंतिम मतदानाच्या वेळी स्टीव्हन्स यांनी आपले दुःख लपवले नाही. सारी विषमता धुऊन काढणारी राज्यव्यवस्था उभी करण्याचे आपले स्वप्न विरले, जुन्या वाड्याची पडकी बाजू तेवढी डागडुजी करून मिळते आहे, आणि तरीही आपण हे स्वीकारतो, कारण आपण देवदूतांत नव्हे तर माणसांत राहतो, अशा आशयाचे ते बोलले. मिळेल ते पदरात घ्यायचे, पण त्यालाच पूर्ण न्याय म्हणायचे नाही. तडजोड आणि शरणागती यांतला फरक आमच्या नेत्यांनी इथे शिकावा.

1867 च्या पुनर्रचना कायद्याने दक्षिणेत लष्करी देखरेखीखाली कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळाले. 1868 च्या फेब्रुवारीत जॉन्सन यांच्यावर महाभियोग लादला गेला. स्टीव्हन्स तेव्हा इतके खंगले होते की त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यावे लागे. सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19 मते पडली. दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले आणि जॉन्सन बचावले. 11 ऑगस्ट 1868 रोजी मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टन येथे स्टीव्हन्स वारले. चौदावी दुरुस्ती मंजूर झालेली त्यांनी पाहिली होती, एवढेच समाधान.

त्यांचे शव राजधानीच्या घुमटाखाली ठेवले तेव्हा कृष्णवर्णीय शिपायांनी पहारा दिला. दफन मात्र कुठल्या प्रतिष्ठित दफनभूमीत झाले नाही. लँकेस्टरच्या बड्या दफनभूम्यांत नियमानेच काळ्यांना मज्जाव होता. म्हणून सर्वांना खुली असलेली एक लहानशी दफनभूमी त्यांनी आधीच निवडून ठेवली होती. थडग्यावरचा मजकूरही त्यांनीच लिहिला होता. त्याचा आशय असा, की मला एकांताची आवड म्हणून मी इथे निजलेलो नाही. इतरत्र वंशाची अट होती, म्हणून जन्मभर सांगितलेली समता मरणातही दाखवावी यासाठी मी ही जागा निवडली. ज्या समाजाचे स्मशानही वेगळे असते, त्याला या मजकुराचे भाष्य कोणी सांगावे?

मृत्युपत्रात त्यांनी अनाथ मुलांच्या आश्रमासाठी पैसा ठेवला. वंश, वर्ण किंवा आईबापांचा धर्म पाहून कोणाला नाकारू नये आणि सर्व मुलांना एकाच टेबलावर जेवू घालावे, ही त्यांची अट होती. सहभोजन! त्याच निधीतून 1905 साली लँकेस्टरला उद्योगशाळा निघाली. आज ती त्यांच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय आहे.

पुढे काय झाले? 1870 साली हायरम रेव्हेल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटमध्ये बसले. 1875 साली खाणावळी, वाहने, नाट्यगृहे सर्वांना खुली करणारा कायदा झाला. पण 1877 साली केंद्राच्या फौजांनी दक्षिणेतल्या राजकारणातून अंग काढून घेतले. 1883 साली सर्वोच्च न्यायालयाने 1875 चा कायदा मोडीत काढला. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसाला नाही, असे कारण दिले. 1896 साली 'वेगळे पण समान' हे ढोंग न्यायालयाने पवित्र केले. मत हिरावले गेले, जमीन तर नव्हतीच. मुक्त माणूस त्याच मळ्यात अर्धलीने राबत, कर्जात बुडत राहिला. आणि इतिहासकारांनी? कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम डनिंग यांच्या परंपरेने तो सारा काळच अनाचाराचा ठरवला. 1915 सालच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने स्टीव्हन्स यांच्यावर बेतलेले पात्र खलपुरुष म्हणून दाखवले. ज्याने समता मागितली तो खल, आणि बुरखे घालून माणसे मारणारे नायक! ही उलटापालट आम्हाला अनोळखी नाही. 1935 साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' लिहून त्या खोट्या इतिहासाला पहिला जोरदार तडाखा दिला.

बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात त्याच कोलंबियात शिकत होते. तिथले प्रस्थापित इतिहासकार जो काळ कलंकित म्हणत होते, त्याच काळाचे कायदे बाबासाहेबांनी पुढे हत्यार म्हणून उचलले. गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना सादर केली, तीत चौदावी दुरुस्ती आणि 1866 व 1875 चे अमेरिकन कायदे आधार म्हणून नोंदवलेले आहेत. पण बाबासाहेबांनी नक्कल केली नाही. अमेरिकन कायद्यात खाणावळी होत्या, वाहने होती, नाट्यगृहे होती. बाबासाहेबांनी त्यात रस्ते घातले, शाळा घातल्या, तळी आणि विहिरी घातल्या. चवदार तळ्याचे पाणी त्या मसुद्यात आले! आणि 1883 साली तिकडच्या न्यायालयाने जी पळवाट शोधली, ती इथे उघडी राहिली नाही. भारतीय घटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांबाबत आणि सतरावे कलम अस्पृश्यतेबाबत थेट माणसालाही बांधते. पराभूत झालेल्या लढ्याचा असा अभ्यास करावा लागतो.

बाबासाहेबांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात निग्रोंच्या वाट्याला आलेल्या विश्वासघाताची आठवण दिली आणि अस्पृश्यांना ती विसरता येणार नाही असे बजावले. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती सरकारी मालकीची करून जातिभेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, असे मांडले. ते घटनेत आले नाही. तिकडे 40 एकर राहिले, इकडे हे कलम राहिले. म्हणूनच दादासाहेब गायकवाड यांना 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले.

हे सगळे आज का आठवायचे? आम्हाला कायद्याचा अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण स्टीव्हन्स यांच्या लढ्याचा धडा हाच की पोट ज्याच्या हातात, मत त्याच्याच हातात जाते. गायरानाचा तुकडा नावावर व्हावा म्हणून वर्षानुवर्षे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा आमचा माणूस हेच अनुभवत असतो. दुसरे असे, की स्टीव्हन्स यांच्यासारखा मित्र लाभणे हे भाग्य. पण मित्राच्या मृत्यूनंतर लढा उभा राहील एवढे बळ ज्यांचा लढा त्यांच्याच हाती असावे लागते. 1868 नंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना ते मिळवू दिले गेले नाही. चौदाव्या दुरुस्तीतले शब्द मात्र मेले नाहीत. 1954 साली त्याच शब्दांच्या बळावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. शब्द तेच होते; ते वापरायला कृष्णवर्णीयांची स्वतःची संघटना आणि स्वतःचे वकील उभे राहावे लागले.

लँकेस्टरच्या त्या साध्या दफनभूमीत स्टीव्हन्स आजही निजलेले आहेत. जोतीरावांनी ज्यांना आपला ग्रंथ अर्पण केला, त्या लोकांपैकी हा एक. त्यांचे नाव आमच्या वाचनालयात, आमच्या अभ्यासवर्गात यायला हवे. आणि ते आले की कार्यकर्त्यांनी पहिली चर्चा तेराव्या दुरुस्तीवर करू नये. त्या 40 एकरांवर करावी.